उपकरण : बी. शिकलगार

उद्यमनगरात आमचा गाळा म्हणजे
अर्धी भिंत लेथवाल्याची, अर्धी आमची.
त्याचं लेथ सुरू झालं
की माझ्या हातातली सोल्डरची कांडी थरथरायची.
सुनेत्रा मगदूम म्हणायची, "थांब, त्याचा कट संपू दे."
कंपनीची पहिली तीन वर्षं
आम्ही दोन कटांमधल्या वेळात केली.

दिवस मावळायच्या आत ती डबा उघडायची,
घरचा नेम.
मग रात्री दोनपर्यंत काही नाही.
मी अकराला जाऊन ऑम्लेटपाव खाऊन यायचो
आणि दारातच हात धुवायचो.

तिचे वडील शिरोलीच्या फौंड्रीत स्टोअरकीपर.
तिथेच तिनं बाबालालना पाहिलेलं, शाळेत असताना :
मोल्डिंगची वाळू मुठीत दाबायची,
मूठ उघडायची, ढेकूळ दोन बोटांनी मोडायचं,
मोडल्या कडेकडे बघून एकच शब्द.
"कोरडी." "चिकट." "मरगळली."
आणि क्वचित, "जमली."
त्यावर ठरायचं, लोखंड ओतायचं की नाही.

इंजिनिअर होऊन ती परत त्यांच्यासमोर उभी, वही घेऊन.
"चाचा, तुमची मूठ मोजायची आहे मला."
"मोज की. पण मला पगार मुठीचाच मिळतो.
मोजून कमी भरली तर?"

चौदा महिने, सकाळची पाळी.
ती नमुना तोलायची, वाळवायची, परत तोलायची,
आकड्याशेजारी त्यांचा शब्द लिहायची.
चार हजार सहाशे ओळी.

पहिलं यंत्र चुकलं.
पंपाच्या तीनशे दहा बॉड्या, सगळ्यांना वायूची भोकं.
मालकानं एक आमच्या टेबलावर आणून आपटली,
"ही ठेवा शोकेसला."
ठेवली. अजून तिच्यात आमची पेनं असतात.

पतसंस्थेचे चेअरमन विचारायचे, "ॲप आहे का तुमचं?"
पुण्याचे गुंतवणूकदार विचारायचे, "कोल्हापुरात कशाला?"
तिनं उत्तर द्यायचं सोडलं, त्यांना फौंड्रीत नेलं.
एकाचे पांढरे बूट काळे झाले, त्यानं परत फोन उचलला नाही.
दुसऱ्यानं चेक दिला.

मग सगळं पटापट झालं, म्हणजे नऊ वर्षांत.
बेळगाव, राजकोट, बटाला.
दरम्यान बाबालाल रिटायर झाले,
त्यांच्या जागी कुणी भरलं नाही.
गरज उरली नव्हती.
हे आम्ही एकमेकांना कधी म्हटलं नाही.

कोइमतूरच्या कंपनीनं विकत घ्यायचं ठरवलं तेव्हा
त्यांचा वकील कागद तपासता तपासता
एका रकान्यावर थांबला.
"हे बी. शिकलगार, कुठल्या कंपनीचं उपकरण?
मॉडेल नंबर लिहिलेला नाही."
सुनेत्रा गप्प.
"कॅलिब्रेशन?"
"रोज सकाळी, चहानंतर."
"अचूकता?"
"आमच्या यंत्रापेक्षा थोडी जास्त."
"सध्या कुठे आहे?"
"शिरोलीत. नातवाला शाळेत सोडतं."
वकील हसला नाही.
त्यानं लिहून घेतलं : उत्पादन बंद.

सही झाली त्या संध्याकाळी ती त्यांच्याकडे जाऊन आली.
काय दिलं, दिलं की नाही, काय बोलणं झालं,
तिनं सांगितलं नाही, मी विचारलं नाही.
एवढंच, की अंधार पडल्यावर आली
आणि म्हणाली, "चहा घेतला आज.
त्यांनी स्वतः केला होता."

नव्या मॉडेलवर आता फक्त आकडे येतात.
माझ्याकडे एक जुनं आहे, सात नंबरचं,
त्यात अजून ते शब्द आहेत.
परवा बायको भाकरीचं पीठ मळत होती.
मी गंमत म्हणून टोक खुपसलं.
बराच वेळ घेऊन पडद्यावर आलं :
चिकट.

तिनं त्याआधीच
डब्यातून कोरडं पीठ घेतलं होतं.